चंपतरावांच्या गाडीचा पोळा

कृष्णकांत लांजेवारने आपल्या होणाऱ्या सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते चांदीचे होते.

चांदीसारखे नव्हे, चांदीचे. केस चांदीचे, भुवया चांदीच्या, मिशा चांदीच्या, छातीवरचे केसही सोनाराने एकेक तार ओढून बसवल्यासारखे. उंची एवढी की नागपूरच्या प्रतापनगरातल्या त्या नव्या घराच्या फाटकावर त्यांचे डोके झेंड्यासारखे लागले होते, आणि खांदे एवढे रुंद की मागे घर आहे की मोकळा प्लॉट, ते कळत नव्हते. उजव्या हातात तारेचा ब्रश होता. कृष्णकांतला वाटले, कुठल्यातरी चौकातला पुतळा कावळ्यांना कंटाळून खाली उतरला आहे आणि आता समोर येईल त्याला घासून काढणार आहे.

"कोन पाहिजे?" पुतळा म्हणाला. त्या आवाजाने निंबावरचे पक्षी उडाले आणि पलीकडच्या गल्लीतली म्हैस दोन दिवस आटली, असे कृष्णकांत पुढे शपथेवर सांगत असे.

"मी लांजेवार... पाटबंधारे खात्यात नकाशे... म्हणजे, मुलगी पाहाले..."

"मंग उभे काहून? हे चाक धरा."

सोबत आलेले काका तोवर फाटकाबाहेर जाऊन रस्त्याची पाहणी करू लागले होते. कृष्णकांतने नव्या टेरिलीनच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मोटारीचे एक चाक उभे धरले. पुतळ्याने डबा हलवला, रंगाचा ब्रश बुडवला आणि चाकाला अॅल्युमिनियमचा रंग द्यायला सुरुवात केली. अर्धा रंग चाकाला लागला, अर्धा उमेदवाराला. आतून पोह्यांचा वास येत होता, दाराच्या फटीतून कोणीतरी हसत होते, आणि कृष्णकांतच्या हाताला मुंग्या येत होत्या. पण चाक सोडायची हिंमत त्याला झाली नाही.

"चाक सोडलं नाही पोट्ट्यानं," पुतळा आत पाहून ओरडला. "बरा हाय! पोहे आना!"

अशा रीतीने लग्न ठरले. मांडवात रॉकेलने धुऊन काढलेले चंपतराव भोयर उभे राहिले, तेव्हा ते जावयाच्या जेमतेम कानापर्यंत येत होते. पण पहिल्या भेटीत अंगावर बसलेली भीती कपड्यासारखी धुतल्याने आटत नाही. कृष्णकांतची तर पुढे सैलच होत गेली, आणि तिच्यात नवनवे मावत गेले.

चंपतराव खापरखेड्याच्या वीजघरात पंपांवर फोरमन होते. बुटीबोरीच्या पुढे पिंपळखुटीला त्यांची वडिलोपार्जित शेती होती. ती धाकटे भाऊ रुपराव पाहत. नोकरी लागली तेव्हा चंपतरावांनी शेत सोडले, गाव सोडले, धोतरही सोडले. पण बैल काही सुटेनात. शहरात बैल बांधायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी कन्हानच्या एका कंत्राटदाराची जुनी पांढरी अॅम्बॅसॅडर घेतली आणि तिचे नाव ढवळ्या ठेवले. ते गाडी सुरू करत नसत, जुंपत. थांबवताना "हो, हो, हो रे" म्हणत. चढावर गाडी अडली तर खाली उतरून बॉनेटवर थाप मारत आणि कानात काहीतरी सांगत. गाडीचा कान म्हणजे उजव्या बाजूचा आरसा, हे घरात सगळ्यांना माहीत होते.

आणि दरवर्षी पोळ्याला ढवळ्या पिंपळखुटीला जाई. गावातले बैल झुली पांघरून, शिंगे रंगवून तोरणाखाली उभे राहत आणि रांगेच्या टोकाला ढवळ्या. पहिल्या वर्षी गाव हसले, दुसऱ्या वर्षी बैल बुजले, तिसऱ्या वर्षापासून गाडीला जागा राखून ठेवू लागले.

गाडीला शिंगे नसतात, ही चंपतरावांच्या मते कारखान्याची चूक होती. ती त्यांनी चाकांवर भरून काढली होती. एरवी चांदी, पण पोळ्याला हिंगुळासारखा लालभडक ऑइलपेंट. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला, म्हणजे त्र्याहत्तर साली, हे काम अधिक थाटात व्हायचे होते. कृष्णकांतच्या बायकोला, सुभद्राला, सातवा महिना होता. ती बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नातवंड पोटातूनच पहिला पोळा पाहणार होते.

"सातव्या महिन्यात पोरीले मोटारीत हिंडवतेत का कोनी?" तिची आई रुखमाबाई म्हणाल्या.

"मोटार कुठी हाय वं? ढवळ्या हाय. आपल्या घरचं जनावर हाय."

"जनावर लाथ मारते."

"तू बसत जा ना मंग बसमंदी, कोंबड्यायसंगं."

हा संवाद ऐकताना कृष्णकांतने दोनदा तोंड उघडले. सुभद्राला गाडीतून नेऊ नये असे त्याला हाडापासून वाटत होते. पण सासऱ्यांनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि त्याने उघडलेल्या तोंडात सुपारी टाकली.

चाकांचे काम पोर्चमध्ये सुरू झाले. चंपतरावांनी जॅक लावून गाडी उचलली, खाली विटांचे चौथरे रचले आणि चारही चाके काढली. चाकाविना गाडी विटांवर बसली. कृष्णकांत तिच्या जवळून जाताना श्वास रोखून धरी, जणू त्याच्या फुंकरीनेच ती कोसळणार होती. त्याच्या हातात पॉलिश पेपर आला. आधी तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, मग पेपर मारायचा, मग रॉकेलने पुसायचे. टायरवर रंग उडू नये म्हणून चंपतरावांची खास युक्ती होती. ते टायर शेणाने सारवत. रंग वाळला की शेण धुऊन टाकायचे, टायर पुन्हा काळे कुळकुळीत. त्यामुळे तो आठवडाभर पोर्चला वार्निश, रॉकेल आणि गोठा असा तिहेरी वास येत होता, आणि सुभद्राला आतल्या खोलीत उलट्या होत होत्या.

"रंगाचा एक हात पुरते ना, मामाजी?" कृष्णकांतने विचारले.

"दरसाल एक देतो. औंदा चार द्याचे. नातवाचा पोळा हाय."

"पावसाची हवा हाय. वाळन का?"

"वरून वाळला म्हंजे वाळला. तुमी आतून वाळल्यावर उठता का झोपेतून?"

याचा अर्थ कृष्णकांतला कळला नाही, पण आपला अपमान झाला एवढे कळले. तो मुकाट्याने ब्रश चालवू लागला. चाकाच्या मधोमध नट बसायची भोके होती. त्यांच्या कडा तिरप्या, बशीसारख्या खोलगट. घासून पुसून त्या पोलादाच्या स्वच्छ निळसर झाल्या होत्या. कृष्णकांतचा ब्रश तिथे थांबला. का थांबला, ते त्यालाही सांगता आले नसते.

"मामाजी, या भोकायच्या काठालेही लावाचा का?"

चंपतराव उठून आले. त्यांनी जावयाच्या हातून ब्रश घेतला.

"जवाईबापू, बैलाच्या शिंगाले रंग देतो, तवा बुडखा कोरा ठेवतो का आपन? एक बोटभर शिंग उघडं राहिलं तर गाव म्हनते, पाय, भोयराच्या घरी रंग सरला. सनाले कोरी जागा ठेवत नाही." आणि त्यांनी भोकांच्या कडा, चाकाची मागची बाजू, जिथे चाक धुऱ्याला टेकते ती जागा, सगळे लालभडक करून टाकले. नटांच्या जागा तर त्यांनी करंगळीने भरल्या. चारही हात असेच चढले. शेवटच्या दिवशी कृष्णकांतने हळूच नख लावून पाहिले. वर कडक पापुद्रा होता आणि आत सायीसारखे मऊ. त्याने नख खिशात लपवले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात आणि त्यांना जेवणाचे आमंत्रण देतात. चंपतरावांनी चाके चढवली, नट आवळले, वर चकचकीत टोप्या ठोकल्या आणि मग ढवळ्याच्या दोन्ही मडगार्डांना हळद-लोणी चोळले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ते आरशात तोंड घालून म्हणाले.

रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. सुभद्रा पोट धरून हसली. कृष्णकांत हसला नाही. त्याला आमंत्रण आपल्यालाच मिळाल्यासारखे वाटत होते, आणि जेवण कोणाचे होणार, हेच कळत नव्हते.

पोळ्याच्या दिवशी जेवण करून सगळे निघाले. बॉनेटवर झूल, काचेवर बेगड, पुढच्या बंपरला बैलांच्या घुंगरमाळा. पुढे चंपतराव आणि जावई, मागे मायलेकी. आभाळ भरून आले होते, पण पाऊस नव्हता. वर्धा रोडवर दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी गुडघ्याएवढी वाढली होती. रस्ता एका मोटारीपुरता डांबरी आणि कडेला चिखल.

शहर मागे पडते न पडते तोच कृष्णकांतला जळका वास आला.  मग मागे सुभद्रा बसली आहे हे आठवून म्हणाला, "मामाजी, काहीतरी जळून राहिलं."

गाडी थांबली. चंपतरावांनी बॉनेट उघडले, आत पाहिले, वास घेतला. जळके काही नव्हते. झूल इंजिनवर तापली होती आणि तिच्यातली गेल्या वर्षीची डांबरगोळी दरवळत होती.

थोडे पुढे गेल्यावर त्याला मागून ठण् ठण् ऐकू आले. पुन्हा गाडी थांबली. डिक्कीत रुखमाबाईंचा पितळी गडवा पुरणाच्या डब्यावर आपटत होता.

"जवाईबापू," चंपतराव शांतपणे म्हणाले. त्यांचा शांतपणा ओरडण्यापेक्षा वाईट असे. "सायकलवर बसता तवा घंटी वाजली की तुमी उतरून पळता का?"

"बाबा, असू द्या ना," सुभद्रा म्हणाली.

"नाही, मी विचारून राहिलो. माहिती असलेली बरी. आता जर पुन्हा गाडी थांबवाले लावली, तर तुमाले इथंच उतरवतो अन् माह्या पोरीले घेऊन जातो. मंग या पायदळ."

रुखमाबाई खुदकन हसल्या. कृष्णकांतच्या कानाच्या पाळ्या चाकांच्या रंगाच्या झाल्या. त्याने मनाशी ठरवले, आता गाडीला पंख फुटले तरी बोलायचे नाही.

बुटीबोरी गेली. रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या, चंपतराव "हो रे, हो" म्हणत हळू झाले, आणि तेव्हा कृष्णकांतने ते ऐकले.

खळ... खळ... खळ.

शेळ्या गेल्या. गाडीने वेग घेतला आणि आवाज बंद झाला. फक्त पुढे घुंगरमाळा छन् छन् वाजत राहिल्या. घुंगरच असतील, त्याने स्वतःला सांगितले. एका खड्ड्याशी गाडी पुन्हा हळू झाली. घुंगरं थांबली. आणि मागून, डावीकडून, सुभद्रा बसली होती बरोबर तिच्या खालून: खळ... खळ... खळ. डब्यात कोणी दगड फिरवावेत तसे.

 घुंगरं गाडी उधळली की वाजतात आणि थांबली की थांबतात. हा आवाज उलटा होता. गाडी हळू झाली की तो जागा होई, आणि वेग आला की कशाला तरी चिकटून गप्प बसे. दबा धरल्यासारखा. कृष्णकांतला बैलांचे काही कळत नव्हते, मोटारीचे त्याहून कमी, पण भीतीचे त्याला फार चांगले कळत होते. ज्या गोष्टीचा आवाज वेगात बंद होतो ती गोष्ट गेलेली नसते, हे त्याला पोटातून कळले.

"अहो," मागून सुभद्रा म्हणाली, "मागं गाडी कशी अंग हलवून राहिली."

"रस्ता खराब हाय," चंपतराव म्हणाले.

"रस्ता नाही बाबा. बाजूबाजूनं हलते. माह्या पोटात ढवळून राहिलं."

"नातू नाचून राहिला. पोळा हाय ना!"

कृष्णकांतने मान वळवून पाहिले. सुभद्राने एक हात पोटावर ठेवला होता आणि दुसऱ्याने दाराचा दांडा धरला होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ती त्याच्याकडे पाहून उगाच हसली. त्याला आठवले ते नख. वर पापुद्रा, आत साय. नट पोलादावर बसलेच नव्हते. ते सायीवर बसले होते, साय दबून बाजूला सरली होती, आणि मोकळे झालेले नट एकेक करून गळत त्या चकचकीत टोपीत जमत होते. रंगाची ती साय त्याने स्वतःच्या नखाने तपासली होती, पण तिचा अर्थ त्याला आत्ता कुठे लागला.

"मामाजी," तो म्हणाला.  चंपतरावांनी पाहिलेही नाही.

समोर उतार होता. उताराच्या खाली नाला, आणि नाल्यावर बिनकठड्याचा अरुंद पूल. रात्री वर कुठेतरी पाऊस झाला असावा. पाणी पुलाच्या काठाला घासत, चहासारखे तांबडे, फेसाळत चालले होते. उतार लागताच ढवळ्याने वेग घेतला. खळखळ पार बंद झाली. घुंगरं आनंदाने वाजू लागली. चंपतराव गाडीला म्हणाले, "चाल माह्या राजा!" मागचा भाग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डोलला.

"मामाजी, थांबवा!"

"उतरता का पायदळ?"

"उतरतो! थांबवा! चाक निघून राहिलं!"

"चाक! आता चाक! पुरनाचा डबा झाला, झूल झाली..."

पूल समोर आला होता. कृष्णकांत लांजेवार, ज्याने वर्षभरात सासऱ्यांच्या समोर पायावर पाय ठेवला नव्हता, त्याने हात लांब केला, डॅशबोर्डवरची किल्ली फिरवली, उपसली आणि खिडकीतून बाहेर पऱ्हाटीत भिरकावून दिली.

इंजिन मेले. घुंगरांचा आवाज एकदम मोठा झाला. चंपतरावांनी तोंडाने अशी एक शिवी दिली जी त्यांनी आजवर फक्त वीजघरात वापरली होती, आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी घसरली, आडवी झाली, मागचा भाग जवळजवळ जमिनीला टेकल्यासारखा झुकला, आणि पुलाच्या तोंडाशी, पहिला दगड पुढच्या चाकाला लागेल इतक्या अंतरावर, थांबली.

पाण्याचा आवाज येत होता. 

मग चंपतराव उतरले. ते पुन्हा सात फुटांचे झाले होते. "उतरा खाली," ते म्हणाले. "गावाले दाखवू जवाई कसा हाय थे. चाक निघते म्हनते! मी चढवलेलं चाक!" ते तरातरा मागे गेले, डाव्या चाकाशी वाकले, आणि जावयाला कायमचे गप्प करायचे म्हणून त्यांनी चाकाच्या टोपीखाली स्क्रू ड्रायव्हर घालून ती उचकटली.

टोपीतून नट त्यांच्या ओंजळीत ओघळले. लाल रंगाची मऊ साय अजून त्यांना चिकटलेली होती. चाकावर एकच नट उरला होता, तोही शेवटच्या आट्यावर. चंपतरावांनी त्याला बोट लावले. बोटानेच तो फिरला आणि निघून आला.

ते पाहत राहिले. मग त्यांनी मान वळवून पाणी पाहिले, पूल पाहिला, आणि खिडकीतून त्यांच्याकडे पाहणारी सुभद्रा पाहिली. ते रस्त्यातच मटकन खाली बसले.

"पावरहाऊसात," ते कोणालाच नव्हे असे म्हणाले, "पाइपाच्या जोडावर रंगाचा थेंब दिसला तर मी मानसाले हाकलून देतो. रंगावर बोल्ट बसत नाही म्हनतो. वीस वर्षं झाली, म्हनून राहिलो." त्यांची ओंजळ थरथरत होती आणि नट एकमेकांवर आपटत होते. खळ, खळ. "शिंग समजून रंगवलं गा मी. शिंग समजून."

कृष्णकांतला सासऱ्यांची भीती वाटेनाशी झाली, आणि तेच त्याला सगळ्यात भयंकर वाटले. हा म्हातारा आपल्या कानाएवढाच आहे, हे त्याने पहिल्यांदा पाहिले. त्याने वाकून त्यांच्या हातातले नट घेतले, कारण ते वाजणे त्याला सहन होत नव्हते.

"उठा, मामाजी. चिखल हाय."

"पोरगी बरी हाय ना?"

"बरी हाय. पानी मागून राहिली."

"मले विचारा, जवाईबापू. मले काहीतरी विचारा. शिव्या द्या."

"किल्ली शोधाची हाय," कृष्णकांत म्हणाला.

किल्ली सापडली नाही. दोघे पऱ्हाटीत ओणवे होऊन शोधत राहिले. रुखमाबाई बांधावर बसून सुभद्राला पुरणाची पोळी भरवत होत्या आणि मधूनमधून नवऱ्याच्या पाठीकडे पाहत होत्या. पण त्यांनी एक अक्षर काढले नाही, आणि चंपतरावांना तेच जास्त लागत होते. बैलगाडी मागायची सोय नव्हती. पोळ्याच्या दिवशी पंचक्रोशीत कोणी बैल जुंपत नाही, हे चंपतरावांनीच जन्मभर लोकांना सांगितले होते. शेवटी संध्याकाळी वर्धेकडून येणारी बस मिळाली आणि सगळे उभ्याउभ्याने नागपूरला परतले. गर्दीत सुभद्राला कोणीतरी जागा दिली. चंपतराव तिच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि बस हळू झाली की दचकून खाली पाहत होते.

गाडी दुसऱ्या दिवशी ट्रकला बांधून आणली आणि दिवाळीच्या आत विकली. कार्तिकात सुभद्राला मुलगी झाली. चंपतराव तिला पाहायला दवाखान्यात गेले ते शहर बसने, आणि निवृत्त होईपर्यंत खापरखेड्यालाही बसनेच गेले.